उष्ट्या हाताचं वाटप

आमच्या घराला रॉकेलचा वास होता, हे मला लग्न होऊन सासरी जाईपर्यंत कळलं नव्हतं. सासरी माझी ट्रंक उघडली तेव्हा धाकट्या नणंदेनं नाकाला पदर लावला आणि विचारलं, "वहिनी, लुगडी काय चिमणीत भिजवून आणलीत?" मला वाटायचं, घर म्हटलं की असाच वास यायचा. रत्नागिरीच्या बंदरावरून वर चढलं की डाव्या हाताला आमचं घर. खाली वखार, वर आम्ही. वखारीत कौलापर्यंत रॉकेलचे पत्र्याचे डबे रचलेले असत. वैशाखाच्या उन्हात ते डबे तापत, फुगत आणि दुपारच्या शांततेत मध्येच एखादा 'टण्ण' करून वाजे. आमची बायोआत्या, म्हणजे वडलांची मोठी विधवा बहीण, माजघरात तांदूळ निवडत बसलेली असायची. ती वर मान न करता म्हणायची, "हो हो, ऐकलं." तिचा आणि डब्यांचा असा संवाद दिवसभर चाले. डबे तिला काय सांगत ते तिलाच ठाऊक, पण माणसांपेक्षा डब्यांशी ती प्रेमानं बोलायची, एवढं खरं.

आत्याच्या हाताखाली आमचं स्वयंपाकघर होतं आणि माझ्या आईच्याही डोक्यावर तिचंच राज्य. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजलेला सुका बांगडा. दुपारी कुळथाचं पिठलं, भात, आणि वाटीत लाल सोलकढी. आमची माणसं वाण्याच्या धंद्यातली, तेव्हा दारात गिऱ्हाईक आलं की त्याला जेवायला थांबवणं हा धंद्याचाच भाग समजत. कुठल्या गावचा दुकानदार कधी येईल याचा नेम नसे, पण आत्याच्या पातेल्यात दोन माणसांचं जास्त नेहमी असे. मला मात्र तिनं ताटात वाढलेलं कधी पुरेसं वाटलं नाही. "मला आणखी" म्हटलं की ती डाव उगारायची. "स्वतःच्या पानावर मागू नये. दादाच्या पानावर माग, तो तुझ्या पानावर मागेल." दादा माझा थोरला भाऊ. तो माझ्या पानावर कधीच मागत नसे, हा माझ्या बालपणातला सर्वांत मोठा अन्याय.

माझे वडील, सगळे त्यांना अप्पाशेट म्हणत, रॉकेलचे घाऊक व्यापारी होते. मुंबईहून पडावात, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीत, भरून डबे येत आणि इथून ते खालच्या-वरच्या किनाऱ्यावरच्या गावांतले दुकानवाले घेऊन जात. कुणी बैलगाडीनं, कुणी होडीनं, कुणी डोक्यावरून. एरवी हा साधा धंदा होता. माल यायचा, माल जायचा. गंमत सुरू व्हायची ती समुद्र बंद व्हायच्या आधी. ज्येष्ठात वारं फिरलं की पडाव नांगरून पडत, आगबोट थांबे, आणि नारळी पुनवेपर्यंत बंदरात चिटपाखरू नसे. त्याआधी वखारीत जे असेल तेवढ्यावर सबंध पावसाळा काढायचा. घाटावरून बैलगाडीनं रॉकेल आणता येई, पण अप्पा म्हणत, निम्मं रस्त्याला पाजावं लागतं. म्हणून वैशाखाच्या शेवटी सगळे दुकानवाले आमच्या पडवीत जमत आणि अप्पा त्यांचं पावसाळ्याचं वाटप करून देत. कुणाला किती ते अप्पांच्या डोक्यात असे. भर दिवाळीत, जेव्हा माल उतू जात असे आणि कुणी विचारत नसे, तेव्हा कोण आपल्याकडूनच नेत होता, कुणाच्या गावाची खाडी आधी फुगते, कुणाकडे कडू तेलाचा घाणा आहे आणि त्याच्या गावाला उंडीच्या तेलावर निभावता येईल, असं सगळं ते धरत. आता घरात बटण दाबलं की उजेड पडतो, आणि वीज गेली की माझी नातसून अशी कासावीस होते की जणू सूर्यच बुडाला. तिला उंडीच्या तेलाचा दिवा लावून दाखवला पाहिजे. उजेडापेक्षा धूर जास्त आणि धुरापेक्षा वास जास्त.

त्या वर्षी शेवटचा पडाव आलाच नाही. मुंबईला माल भरून तयार होता, पण तांडेलानं वारं पाहिलं आणि नांगर उचलला नाही. वखारीतली एरवीची रास अर्ध्याच्याही खाली बसली होती. ही बातमी किनाऱ्यानं अशी पळाली की दुसऱ्याच दिवशी आमची पडवी भरून गेली. सगळ्यांत पुढे पावसचे बाबलशेट. गोरेपान, पोट सुटलेलं, कानात भिकबाळी, आणि आवाज असा की पडवीत बोलले तर न्हाणीतला तांब्या वाजावा. माणूस मनानं वाईट नव्हता. पण दुसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतंय या संशयानं त्यांना झोप लागत नसे.

"अप्पाशेट," बाबलशेट म्हणाले, "दरसाल तुम्ही मनातल्या मनात माप घालता. आम्ही कधी बोललो काय? पण यंदा माल थोडा. यंदा तुमच्या मनातलं माप आम्हाला दिसायला हवं."

"दिसायला हवं, हो," मागून दोघे-तिघे म्हणाले.

अप्पा सुपारी कातरत होते. ते काही बोलणार, एवढ्यात दाराआडून एक आवाज आला, "मी सांगते!"

तो आवाज माझा होता. आज तो प्रसंग आठवला की मला त्या पोरीचे कान धरून तिला आत ओढावंसं वाटतं. परकर वर खोचलेला, दोन वेण्यांपैकी एक सुटलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की बृहस्पती शिकवणीला हिच्याकडेच येतो. मी त्या वर्षी शाळेत त्रैराशिक शिकले होते आणि जगातली कुठलीही अडचण तीन आकड्यांत मांडली की चौथा आपोआप हाती येतो, अशी माझी खात्री झाली होती. आत्यानं माशाचे तुकडे वाढायला घेतले की मी त्रैराशिक मांडत असे, आणि माझ्या उत्तरात माझ्या वाट्याला नेहमी एक जास्त येई.

"ज्यानं त्यानं आपले रिकामे डबे आणायचे," मी पडवीत येऊन जाहीर केलं. "ज्याचे रिकामे जास्त, त्याचा खप जास्त. त्या प्रमाणात भरलेले द्यायचे. कुणी रडायचं नाही."

बाबलशेटांनी मांडीवर थाप मारली. "वा! पोर शाळेत जाते ती फुकट जात नाही! नियम कसा सरळ, उघड्यावरचा. अप्पाशेट, हेच करा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कढीत मीठ किती पडलंय ते चाखून बघावं तसं. मग म्हणाले, "बरं. बनूनं सांगितलंय तसंच करू. परवा रिकामे डबे घेऊन या. आणि जेवायलाच या सगळे." आपल्या मुलीचा नियम काय गुण उधळणार आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, असं मला आता वाटतं. दुसऱ्या एखाद्या बापानं तिथंच गप्प बसवलं असतं. अप्पांनी मला माझी अक्कल पूर्ण पाघळेपर्यंत वाव दिला, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. ते दोन दिवस मात्र मी घरात अशी चालत होते की आत्यानं आईला विचारलं, "हिच्या मानेला काय झालंय गो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी आवाज आला. मी आंब्याच्या साठाचा तुकडा चोखत ओट्यावर बसले होते, आणि बंदराच्या बाजूनं, भाट्याच्या खाडीच्या बाजूनं, वरच्या सड्याच्या बाजूनं, चहूकडून पत्रा वाजत येऊ लागला. बैलगाड्यांत डबे, होड्यांत डबे, गड्यांच्या खांद्यावरच्या काठ्यांना दोन्हीकडे लोंबणारे डबे. लढाई सुरू झाली समजून शेजारचं कुत्रं आमच्या पायऱ्यांखाली जाऊन लपलं. अंगण भरलं, मग विहिरीचा काठ भरला, मग माडांमधली जागा भरली. कोकणात रॉकेलचा रिकामा डबा कधी रिकामा नसतो हे मी रोज डोळ्यांनी बघत होते, आणि तरी माझ्या त्रैराशिकात ते आलं नव्हतं. गावोगावच्या बायकांच्या हातून ते डबे ओढून आणले होते. कुणात विहिरीचं पाणी ओढायचा दोर अजून बांधलेला. कुणाच्या कडांना चुन्याची पुटं. एक डबा काळाकुट्ट, न्हाणीतल्या चुलीवरून थेट उतरवलेला. एकाला मधोमध पोचा पडला होता. कुणीतरी ओळखलं, ती गावच्या शाळेची घंटा होती. एका डब्याच्या तळाशी लाल मातीत लोळवून पावसाळ्यासाठी ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या तशाच होत्या. आणि एका डब्यात अर्धी माती, आणि मातीत तुटलेल्या फांदीसकट अबोलीचं खोड. घाईत ज्यानं तो आणला त्याला तो उलटा करायलाही फुरसत मिळाली नव्हती.

आत्या दारात आली, अंगणावर नजर फिरवली आणि म्हणाली, "मेल्यांनो, घरी बायका पाणी कशात तापवतायत आता?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. बाबलशेटांचे डबे सर्वांत जास्त होते. ते आपल्या राशीपुढे उपरण्यानं वारा घेत उभे होते आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

सगळ्यांत शेवटी भागावयनी आली. पूर्णगडची. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आला नव्हता, आणि त्याच्यामागे ती आंधळ्या सासूला सांभाळत खाडीच्या तरीजवळ लहानसं दुकान चालवत होती. तर म्हणजे माणसं पैलतीराला नेणारी होडी. काळीसावळी, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट, डोक्यावर एकावर एक दोन डबे. तिनं ते उतरवले, पदरानं पुसले आणि रांगेच्या टोकाला ठेवले. आतून लख्ख, रॉकेलच्या वासाचे, नुसते रिकामे डबे.

मी पाटी घेतली आणि आकडा मांडला. पुन्हा मांडला. डब्यांचा ढीग एवढा की त्या प्रमाणात सगळ्यांना द्यायचं तर भागावयनीच्या वाट्याला डब्याच्या तळाशी हलवून वाजेल एवढं रॉकेल येत होतं. मी तिला तसं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण गणित बरोबर आलं होतं आणि गणित बरोबर आल्याचा मला आनंद झाला होता. देवा, काय कार्टी होते!

भागावयनी रडली नाही, ओरडलीही नाही. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. "बाय माजे," ती म्हणाली, "एवढ्यात मी गावाला काय देऊ? मानूस राकेलाला म्हणून येतो आनि मीठ घेतो, गूळ घेतो, सुपारी घेतो. राकेल न्हाय म्हटलं की तो पावसला शेटांकडं जानार. तिथंच मीठ घेनार, तिथंच गूळ घेनार. पावसाळाभर ज्या उंबऱ्याची सवय लागली, ती मग सुटत न्हाय. नारळी पुनवेला माजं दुकान उघडं असंल, पन त्यात येनार कोन?"

"मग तुम्ही डबे जास्त का नाही आणले?" मी म्हटलं.

"डबे गावात भरपूर हायेत. पन ते मी विकलेले. विकलेली वस्तू मागून आनायची, आनि हे माजे म्हनून तुज्यापुढं मांडायचे?" ती माझ्या पाटीकडे बघून हसली. "आनि तू रिकामे सांगितलंस. लोकांनी पानी भरलंय त्यात. ते रिकामे कसे?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आधी जेवून घेऊ."

पडवीत पानं मांडली. दुकानवाले नेहमी किनाऱ्याच्या क्रमानं बसत, म्हणजे ज्याचं गाव शेजारी त्याचं पान शेजारी. बोलायला बरं आणि भांडायलाही बरं. बायकांची पंगत मागाहून असे, पण भागावयनी दुकानदार म्हणून आली होती, तेव्हा अप्पांनी तिचं पान पडवीच्या अगदी टोकाला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडायला लावलं. तिच्या अलीकडे बाबलशेट, त्यांच्या अलीकडे फणसोपचे म्हातारे तात्या, आणि पलीकडे मग रांग. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी होती, भात, आमटी, पापड, आणि शेवटी बरक्या फणसाच्या रसाची सांदणं, वर नारळाचं दूध. सांदणं म्हणजे आत्याची कीर्ती. ती केळीच्या पानानं झाकलेली परात घेऊन आली की बोलणी बंद पडत.

आणि मग आमच्याकडच्या पंगतीत होतं तेच झालं. सकाळी डब्याडब्यासाठी मान ताठ करून उभी असलेली माणसं आडवे हात धरू लागली. "मला पुरे हो, तात्यांना वाढा!" "छे छे, शेटांना वाढा, शेटांना!" "अहो त्यांचं पान रिकामं दिसतंय!" आत्या ज्याच्या नावाचा पुकारा होई त्याच्या पानावर सांदण टाकत पुढे सरकत होती. कुणी स्वतःसाठी मागत नव्हतं, आणि सगळ्यांच्या पानांवर भरपूर पडत होतं.

अप्पांनी हातातला घास खाली ठेवला. "थांबा," ते म्हणाले. "कुणी उठू नका."

लोक आंचवायला उठण्याच्या बेतात होते ते तसेच बसले.

"सकाळपासून आपण सगळे आपापल्या डब्याकडे बघतोय. जेवायला बसलो तेव्हा शेजाऱ्याचं पान दिसायला लागलं. मग वाटप इथंच उरकून टाकू. आपलं आपण सांगायचं नाही. शेजारच्याला किती लागेल ते सांगायचं. उष्ट्या हातानं, पानावर बसून. बनू, त्या डब्यातल्या आठळ्या आण."

मी परकरात आठळ्या भरून आणल्या. वखारीत जेवढे डबे होते तेवढ्या आठळ्यांचा ढीग अप्पांनी पडवीच्या मध्यावर घालायला लावला. एक आठळी म्हणजे एक भरलेला डबा. सांगितल्या त्या मी ज्याच्या त्याच्या पानाशी ठेवायच्या. ढीग संपला की माल संपला. पहिल्या पानाचं अप्पांनी स्वतः सांगितलं, आणि पाळी पुढे निघाली.

तुम्हाला वाटेल, आता सगळं नीट झालं असेल. मलाही वाटलं. पण ही माणसं पंगतीत बसली होती, आणि पंगतीत शेजाऱ्याला कमी वाढायला कुणाची जीभ रेटते? आग्रहाची सवय. "त्यांना आणखी दोन घाल गो बनू!" "एवढ्यानं काय होतंय, गाव मोठं आहे त्यांचं!" सकाळी जो तो स्वतःसाठी फुगला होता, आता जो तो शेजाऱ्याला फुगवू लागला. ढीग वितळत चालला. मी मुठीमुठीनं आठळ्या नेत होते. फणसोपच्या तात्यांची पाळी आली. म्हाताऱ्यानं पाचही बोटं पसरली. "आमचे बाबलशेट म्हणजे राजा माणूस! घाल, घाल!" मी घालत राहिले. बाबलशेटांच्या पानाशी आठळ्यांची टेकडी झाली. मी मागे वळून पाहिलं तर पडवीच्या मध्यावर जमीन दिसत होती. नुसती सारवलेली जमीन.

आणि एक पान अजून राहिलं होतं. टोकाचं.

हात वाळू लागले होते. आत्या परात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. अप्पा मान खाली घालून पानावरची शितं गोळा करत होते. पाळी बाबलशेटांची होती. शेजारच्याला किती लागेल ते त्यांनी सांगायचं, आणि सांगतील ते द्यायला ढीग नव्हता; होती ती फक्त त्यांची टेकडी. भागावयनीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं केळीच्या पानाची कड दुमडली, पुन्हा उलगडली.

"बनू," बाबलशेट म्हणाले. त्यांचा आवाज एवढा हळू मी पहिल्यांदाच ऐकला. "माझा हात उष्टा आहे. तू उचल."

"किती?"

"उचलायला लाग. मी थांब म्हणेन तेव्हा थांब."

मी त्यांच्या टेकडीवरून एक आठळी उचलली आणि भागावयनीच्या पानाशी ठेवली. त्यांच्याकडे पाहिलं. ते गप्प. आणखी एक ठेवली. ते गप्प. प्रत्येक आठळीला वाटायचं की आता म्हणतील, आता म्हणतील. तिनं आणलेल्या दोन डब्यांएवढं झालं, तरी ते थांब म्हणेनात. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सरतेशेवटी भागावयनीच म्हणाली, "पुरे शेटांनु. माज्या गावाला एवढं बास होईल."

"गावाला बास," बाबलशेट म्हणाले. "आणि तरीवरच्या कंदिलाचं काय?" मग ते एकदम नेहमीच्या आवाजात पंगतीकडे वळले, जणू कुणी त्यांच्याशी भांडतच होतं. "माझी लेक खाडीपलीकडे गावखडीला दिली आहे! तिन्हीसांजेला तरीची होडी गाठायची तर ह्या वयनीच्या माडावरच्या कंदिलाकडे बघून चालावं लागतं. तो ती आपल्या दुकानातलं रॉकेल घालून लावते. आम्ही सगळे त्या उजेडात जातो, कधी विचारलंय काय कुणी, तेल कुठलं म्हणून? बनू, कंदिलाची आणखी एक उचल!"

मी उचलली. तात्या म्हणाले, "माझ्यातलीपण एक घे गो. माझीही मावशी तिकडंच आहे." मग रांगेत मागे मागे सगळ्यांना आपापल्या शेजाऱ्यांना जरा जास्तच झाल्याचं आणि आपल्यालाही जरा जास्तच झाल्याचं दिसू लागलं. आठळ्या इकडच्या तिकडे झाल्या. मी धावत होते. शेवटी सगळ्यांच्या पानाशी जे उरलं ते, अप्पा नंतर आईला म्हणाले, जवळजवळ तेच होतं जे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. "मग एवढा खटाटोप कशाला केलात?" आईनं विचारलं. अप्पा म्हणाले, "आता ते माझ्या मनातलं राहिलं नाही ना."

लोक आंचवायला उठले तेव्हा भागावयनी अप्पांना म्हणाली, "अप्पाशेट, माजी पाळी राहिली. माज्या पलीकडं कोनी नव्हतं. मी कोनाचं सांगितलंच न्हाय."

"राहू दे," अप्पा म्हणाले. "कधीतरी सांगशील."

माझा मात्र जीव टांगणीला. सगळे निघताना कुणीतरी विचारणारच, डब्यांची ही अक्कल कुणाची म्हणून. विचारलंच तात्यांनी. अप्पा वखारीची किल्ली कमरेला लावत म्हणाले, "माझीच. पोरीनं बोलून दाखवली, पण हो मी म्हटलं." बस्स, एवढंच. मला त्यांनी पुढे कधी एका शब्दानं छेडलं नाही. छेडण्याचं काम आत्यानं स्वतःकडे घेतलं होतं. मी पाटी हातात धरली की ती डब्यासारखा 'टण्ण' आवाज काढायची.

संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपले जुने डबे परत नेले. बायकांना तोंड द्यायचं होतं. अबोलीचा डबा तेवढा विहिरीच्या काठावर तसाच राहिला. कुणाचा ते कुणी बोलेना. बायकोची अबोली मोडून आणलेला डबा चारचौघांत आपला म्हणून कोण उचलणार? आईनं त्यातलं खोड विहिरीच्या पाटाशी लावलं. पाऊसभर ते नुसतं काडीसारखं उभं होतं. मग फुटलं, आणि दुसऱ्या वर्षी असं फुललं की आमच्याकडे कुणाच्या वेणीला बाजारातली अबोली आणावी लागली नाही. रंगही वेगळाच, काजूच्या पिकलेल्या बोंडूसारखा.

माझं लग्न ठरलं ते त्यानंतर चार-सहा पावसाळ्यांनी. मांडव त्याच अंगणात पडला. सगळे दुकानवाले आले, बायकापोरांसकट. बाबलशेटांचं पोट आणखी सुटलं होतं आणि भागावयनीच्या दुकानाला आता कौलं होती. मी विहीणपंगतीआधी सगळ्यांच्या पाया पडत होते. बाबलशेटांच्या शेटाणीच्या पायाशी वाकले तेव्हा माझ्या अंबाड्यातली वेणी नेमकी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी तिथंच धरून ठेवलं.

"अगो बाई," ती म्हणाली, "ही आमची अबोली! हा रंग माझ्या माहेरून आणलेला, पंचक्रोशीत दुसरा नाही. अहो! हे बघा काय! तुम्ही तर म्हणाला होतात, माझा डबा चोरानं नेला!"

मी वाकलेलीच. मान वर करायची सोय नाही. तिरक्या डोळ्यांनी मला एवढं दिसलं की बाबलशेटांच्या तोंडातला विडा चघळायचा थांबला आहे. 

"चोर कसला, शेटानी," बाजूनं आवाज आला. भागावयनी पदर खोचत पुढे आली. "मीच मागून नेला होता तो डबा. अप्पाशेटांच्या अंगनात लावायला. म्हटलं, बायच्या लग्नात फुलं लागतील. शेट देताना म्हनाले, घरी सांगू नको, ती देनार न्हाय."

शेटाणीनं माझं डोकं सोडलं. आधी भागावयनीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा माझ्या वेणीकडे. "लग्नाला म्हणून मागितली असतीत तर मी काय नाही म्हटलं असतं?" ती म्हणाली, आणि वाकडी झालेली वेणी तिनं आपल्या हातानं सरळ करून दिली.

भागावयनीनं अप्पांकडे बघितलं. अप्पा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पंगतीची पानं मोजत होते. ऐकलं असेल असं वाटत नव्हतं. पण ते तिथूनच, मान वर न करता, आचाऱ्याला ओरडून म्हणाले, "अरे, शेटांना वाढा! वयनीनं सांगितलंय!"